रांजणाला सांगायचा आकडा

३ जून

तीर्थरूप मामा,

नमस्कार. आईला जाऊन आज सात आठवडे झाले. तुमचं सांत्वनाचं पत्र मिळालं. ते इतकं शुद्ध होतं, की शेजारच्या शिंपीणबाईंनी माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि म्हणाल्या, "बाई, हे छापायलाच हवं." तुम्ही स्वतः आला असतात तर जास्त बरं वाटलं असतं, पण तुम्ही गुडघ्यांचं कारण लिहिलंत, तेव्हा मी रुसत नाही.

नोकरी सोडून मी इथंच राहायला आले आहे. आईचं रंगघर बंद पडू द्यायचं नाही, असं ठरवलंय. मंजिष्ठाचा लाल जमतो, डाळिंबाच्या सालीचा पिवळा जमतो, हिरडा आणि गंजक्या लोखंडाच्या पाण्याचा काळाही जमतो. अडलंय ते निळीपाशी. मागच्या खोलीत जमिनीत पुरलेला तो रांजण तुमच्या आजोबांच्या वेळचा, नाही का? आई सांगायची, तो कधी उपसला नाही. त्याला कोंडा, चुना, गूळ खाऊ घालून जिवंत ठेवायचं. मी खाऊ घालते. ढवळते. झाकण उघडण्याआधी रीतसर तीन टकटकी देऊन घरात किती माणसं आहेत ते सांगते, कारण आईची सक्त ताकीद होती: आकडा सांगितल्याशिवाय झाकण उचलायचं नाही, आणि खोटा सांगायचा नाही. मी "एक" म्हणते. खरंच एकटी आहे. तरी कापड बाहेर येतं ते भांडी घासायच्या चिंधीसारखं राखाडी, आणि पहिल्या धुण्यात तेही उतरतं.

एका बाईंनी अठरा निळे पडदे सांगितले आहेत. ते दिले तर रंगघर टिकेल; नाही दिले तर रंगघर बुडेल, आणि पुन्हा ती नोकरीही मला मिळणार नाही. तुम्ही याच घरात वाढलात. रांजणाचं काय चुकतंय ते सांगा.

तुमची भाची

९ जून

चि. भाचीस,

अनेक आशीर्वाद. 'तीर्थरूप' हे संबोधन जन्मदात्यांसाठी राखून ठेवावे. मामास 'तीर्थस्वरूप' लिहावे. चाळीस वर्षे मी मुलांना हे शिकवले, आणि माझ्याच भाचीने ते शिकू नये, याचा दोष कोणाकडे जातो हे तूच ठरव.

आता रांजणाविषयी. नीळ आंबवावी लागते. ती ज्या पाण्यात विरघळते, ते पाणी उबदार, चुन्याने किंचित तिखट आणि वाऱ्यापासून झाकलेले असावे. निरोगी रांजणातील पाणी पिवळसर हिरवे दिसते व त्यावर तांब्यासारखी चकाकणारी साय धरते. कापड बाहेर काढताना हिरवे असते. वारा लागला की डोळ्यांदेखत निळे होते. तुझे पाणी थेट निळे दिसत असेल, तर रांजण थंड पडला आहे. भोवती भुसा दाबून भर, कोंडा दुप्पट कर, आठ दिवस हात लावू नकोस. तळाचा गाळ मात्र कदापि ढवळू नये.

आकड्याच्या रूढीस तू भलतेच महत्त्व देतेस. तिचा उगम अगदी साधा आहे. रांजण पुरुषभर खोल, त्याचा कठडा जेमतेम गुडघ्याएवढा. घरात मुले असताना झाकण उचलणे धोक्याचे. म्हणून आधी मुले मोजावीत, सर्व जण डोळ्यांसमोर आहेत अशी खात्री करावी व मगच झाकण उचलावे, एवढाच तिचा अर्थ. तुझी आजी झाकणावर टकटक करून "किती?" असे विचारी, पुढच्या खोलीतून "पाच" असे उत्तर येई, आणि मग काम सुरू होई. पुढे मुले मोठी झाली, कारण विसरले गेले आणि नुसती टकटक उरली. बहुतेक रूढींचे असेच होते.

तू एकटी आहेस. तेव्हा "एक" म्हणणे योग्यच आहे.

गुडघे तसेच आहेत.

तुझा मामा

२४ जून

तीर्थस्वरूप मामा,

नमस्कार. (बरोबर?)

तुम्ही सांगितलंत ते सगळं केलं. भुसा भरला, कोंडा दुप्पट केला, आठ दिवस रांजणाकडे पाहिलंसुद्धा नाही. नवव्या दिवशी झाकण काढलं तर पाणी तसंच निळं आणि मेलेलं. शिंपीणबाई म्हणाल्या, "तुझ्या मामाला सांग, रांजणाला एक शुद्ध पत्र लिहा म्हणावं."

मग परवा दुपारी एक गंमत झाली. गंमत म्हणजे चूकच. हातात तुरटीचं भांडं, डोक्यात त्या पडदेवाल्या बाईंचा निरोप, तशीच गेले, टकटक केली, आणि तोंडातून आईची सवय निघाली: "दोन." झाकण उचललं आणि हातातलं भांडं खाली ठेवायचं भान राहिलं नाही. पाण्यावर तांब्याची साय. कडेला फेसाचे फुगे, खाली हिरवं पाणी. कापड बुडवलं, काढलं, ते पोपटी होतं, आणि दोरीवर टाकेपर्यंत काठाकाठानं निळं होत गेलं. मी लहानपणी पाहिलेला निळा, अगदी तोच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुद्दाम "एक" म्हणाले. राखाडी. दुपारी "दोन" म्हणाले. निळा.

सात पडदे झाले आहेत. पण मामा, खरं सांगू का? आनंद झाला, तरी रांजण झाकला की झाकणावर आता मी एक दगड ठेवते.

तुमची भाची

३० जून

चि. भाचीस,

आशीर्वाद. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, तर फांदी कावळ्याने मोडली असे शहाण्याने म्हणू नये. यास काकतालीय न्याय म्हणतात. रांजण भुशाच्या उबेने हळूहळू सावरत होता. तो सकाळी निवलेला व दुपारी उन्हाने तापलेला असणार. तू "एक" सकाळी म्हणालीस आणि "दोन" दुपारी म्हणालीस, हे तुझ्याच पत्रात आहे. सतरा म्हणाली असतीस, तरी दुपारी निळाच आला असता.

माझ्या येथे खाली चहा करणारी एक बाई आहे. माझ्याकडे अधूनमधून शिकवणीची मुले असतात, म्हणून ती रोज चार वाजता जिन्यातून ओरडते, "मास्तर, किती?" मी पुस्तकातून मान न उचलता "एक" म्हणतो. पुष्कळदा खोलीत दोन मुले बसलेली असतात व ती हिरमुसतात. माझ्या चुकीच्या आकड्याने तिची किटली आजवर बिघडलेली नाही. जड वस्तूंना अंक कळत नाहीत.

तरीही खोटा आकडा सांगू नकोस. रांजणासाठी नव्हे, खोटे बोलण्याची सवय वाईट, म्हणून.

एक विचारतो, ते केवळ जिज्ञासेने. तुझी आई "दोन" म्हणत असे, असे तू लिहिलेस. हे केव्हापासून? तू घरी असताना, की नसतानाही?

तुझा मामा

११ जुलै

तीर्थस्वरूप मामा,

नमस्कार. तुमचा न्याय मी शिंपीणबाईंना वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "कावळ्याचं ठीक आहे, पण फांदी रोज मोडतेय ना!" सकाळी "दोन", दुपारी "एक" असंही करून पाहिलं. उन्हाचा काही संबंध नाही.

तुमच्या प्रश्नावर मी बराच विचार केला. मी नसताना आई "दोन" म्हणायची. एकटीच असायची, तरी; मी आल्याचं तिला कळण्याआधी दारातून कितीदा ऐकलंय. मी सुट्टीत आले की "तीन". माझ्या लहानपणी बाबा गेल्यावर आम्ही दोघीच होतो, तेव्हाही "तीन"च. मी एकदा विचारलं होतं, "आई, तिसरं कोण?" ती कापड पिळत होती. म्हणाली, "मोजलं की तीन भरतात." मला वाटायचं, ती रांजणालाही माणसात धरते.

आता घडलंय ते लिहिते. हसू नका.

गेल्या सोमवारी डाळिंबाच्या सालीत रंगवलेली पिवळी चादर दोरीवर होती. संध्याकाळी काढायला गेले तर खालच्या काठाजवळ निळ्या हाताचा ठसा. पाच बोटं, तळवा, सगळं स्पष्ट. आधी वाटलं, माझाच. हात लावून पाहिला. माझ्या तळव्यात तो अख्खा मावला. आणखी जागाही उरली. रस्त्यावरची मुलं आत येत नाहीत; रंगघराला पुढून कडी आणि मागचं दार कालव्यावर उघडतं. कालव्याकडून कोण येणार?

बुधवारी दुसरा ठसा, पडद्यावर. शुक्रवारी आणखी दोन. सगळे माझ्या कमरेच्या खाली.

आणि काल दुपारी तीन वाजता मी रांजण झाकून पुढच्या खोलीत हात धुवायला गेले. धुतले, पुसले, परत आले. फार तर दोन मिनिटं. मागच्या दाराच्या चौकटीजवळ, चुन्याच्या पांढऱ्या भिंतीवर, ठसा होता. पण तो निळा नव्हता, मामा. हिरवा होता. ओला, पोपटी. मी उभी राहून पाहत होते आणि तो माझ्यासमोर निळा झाला, आधी बोटांची टोकं, मग तळवा.

हिरवा म्हणजे काय, ते तुम्हीच मला लिहिलं होतंत. तो हात त्या क्षणाला रांजणातून निघालेला होता. आणि झाकण बंद होतं. त्यावर मी ठेवलेला दगडही तसाच होता.

पडदे बारा झालेत. पण या घरात मला दिवसाढवळ्या पाठ फिरवायला भीती वाटू लागली आहे. मी ठरवलंय, रांजण उपसून टाकायचा. तळापासून धुवायचा आणि नवा मांडायचा. येत्या रविवारी दोन गडी सांगते.

तुमची भाची

१४ जुलै

चि. भाचीस,

रांजण उपसू नकोस. गड्यांना नको म्हणून सांग.

कारण पुढे लिहीन. तूर्त एवढे कर.

मामा

२२ जुलै

मामा,

गड्यांना नको म्हटलं. तुमचं तीन ओळींचं पत्र मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. त्यात एकही चूक नव्हती. पण आशीर्वाद राहून गेला होता. त्यामुळे मी जास्त घाबरले.

वाट पाहत बसण्यापेक्षा आईची पत्र्याची पेटी उघडली. तिच्या साड्यांखाली एक पाकीट होतं. त्यात तिनं तुम्हाला लिहिलेलं पत्र होतं, आजोबा गेले त्या वर्षीचं. तुम्हाला पाठवलेलं पत्र तिच्याच पेटीत कसं, ते मला आधी कळेना. मग पाहिलं, त्यावर तांबड्या शाईच्या खुणा होत्या. दोन ऱ्हस्व-दीर्घ सुधारले होते, एक स्वल्पविराम घातला होता आणि खाली तुमच्या अक्षरात लिहिलं होतं, "लेखनाकडे लक्ष द्यावे." पत्रात एकच ओळ होती:

दादा, त्या दिवशी आकडा कोणी सांगितला ते तुला आठवतं का?

तिला उत्तर नको होतं का, मामा? तिनं प्रश्न विचारला होता.

मग मी तुमचं ९ जूनचं पत्र पुन्हा वाचलं. आजी "किती?" विचारायची आणि पुढच्या खोलीतून "पाच" असं उत्तर यायचं, असं तुम्ही लिहिलंय. आजी, आजोबा, तुम्ही, आई. बोटांवर मोजलं, चार होतात. तुम्ही चुकीचा आकडा लिहाल, यावर माझा विश्वास नाही.

पाचवं कोण? आणि आई आयुष्यभर जे माणूस मोजत राहिली, ते कोण?

काल चौकटीवरचा नवा ठसा मोजला. अर्ध्या वितीत मावतो. चार वर्षांच्या मुलीचा असेल. मुलीचा, हे मी का लिहिलं, मला माहीत नाही.

भाची

१९ ऑगस्ट

चि. भाचीस,

हे पत्र मी सात वेळा लिहिले व सातही वेळा ते निर्दोष झाले, म्हणून फाडले. हे आठवे आहे. यात काही चुकले असेल, तर तू सुधारून वाच.

आम्ही तीन भावंडे होतो. मी थोरला, तुझी आई मधली आणि एक धाकटी. धाकटी चार वर्षांची होती. तिला घरात पाय ठरत नसे. रंगवलेल्या कापडाखालून ती पळे, आणि ओले हात जिथेतिथे लावी. वडील तिला "घरचा शिक्का" म्हणत.

घरातील माणसे मोजण्याचे काम माझे होते. थोरला म्हणून नव्हे, तर मला अंक व अक्षरे चोख येत म्हणून. वर्गात पहिला आलो, म्हणून मला त्या वर्षी एक व्याकरणाचे पुस्तक बक्षीस मिळाले होते. त्या दुपारी मी पुढच्या खोलीत ते वाचत बसलो होतो. मधली माझ्याजवळ हिरडे फोडत होती. आईने झाकणावर टकटक केली व विचारले, "किती?" मी मान वर केली नाही. मी म्हणालो, "पाच."

आम्ही चार होतो.

आईवडिलांनी झाकण उचलले. तासभर रंगाई चालली. मग दोघेही ओली कापडे घेऊन मागच्या दाराने कालव्यावर खंगाळायला गेली. रांजण उघडा होता, दार उघडे होते. आकडा पूर्ण भरला होता. म्हणून कोणी कोणास शोधले नाही. जेवायला बसताना चार पाने भरली आणि पाचवे रिकामे राहिले.

कालवा तीन दिवस शोधला. काही मिळाले नाही. रांजण उपसावा असे कोणीही सुचवले नाही. आईने झाकण लावले आणि ती त्यावर तीन दिवस बसून राहिली. ती उठली तेव्हा म्हणाली, "हा कधी उपसायचा नाही." त्यानंतर मरेपर्यंत ती "पाच"च म्हणत राहिली.

तिसऱ्या दिवशी वडिलांनी आम्हां दोघांना समोर उभे केले व विचारले, "आकडा कोणी दिला?" मी तेरा वर्षांचा होतो. मी मधलीकडे बोट दाखवले. ती आठ वर्षांची होती. तिने माझ्याकडे पाहिले, मग मान खाली घातली, आणि तिच्या मौनास सर्वांनी कबुली मानले. वडील म्हणाले, "हिला मोजता येत नाही, हिला शाळा कशाला?" दुसऱ्या दिवसापासून तिला रांजणापाशी बसवले. तिला म्हणाले, "आता तूच मोज." तिने त्रेसष्ट वर्षे मोजले.

तिचे लेखन अशुद्ध का होते, हे तुला आता कळले असेल. शाळा सुटली म्हणून ते अशुद्ध राहिले, आणि शाळा सुटली ती माझ्यामुळे. आणि तिने मला एकच प्रश्न विचारला, तेव्हा मी तांबडी शाई घेतली. त्या प्रश्नाला दुसरे कोणतेही उत्तर देण्याचे धैर्य माझ्या अंगी नव्हते. ती गेली तेव्हा मी आलो नाही, त्यास गुडघे कारण नव्हते.

तू उपसतेस म्हणालीस, तेव्हा मी नको म्हटले. तळाशी काय आहे, ते मला ठाऊक नाही. ते ठाऊक होऊ नये, अशीच माझी त्रेसष्ट वर्षांची व्यवस्था होती. आता ती मोडतो.

रांजण उपस. परंतु त्याआधी झाकण काढून, त्याच्या काठाशी उभी राहून, हे पत्र मोठ्याने वाच. संपूर्ण वाच. आणि शेवटी सांग: त्या दिवशी घरात चार होते. पाच म्हणणारा मी होतो, मधली नव्हे.

तुझा मामा

१५ सप्टेंबर

मामा,

नमस्कार. तुम्ही सांगितलंत तसं केलं. सगळं सांगते, गाळत काही नाही.

तुमचं पत्र आलं त्या दिवशी मी ते नुसतं उशाशी ठेवलं. तुमचा राग आला होता. आईला अक्षर नीट काढता यायचं नाही म्हणून ती बँकेत, दवाखान्यात माझा हात धरून मला पुढे करायची. मी तिच्यावर कितीदा वैतागले असेन. ते आठवत राहिलं. दोन दिवसांनी राग गेला नाही, पण काम उरलं होतं. तोवर सतरा पडदे झाले होते, एक बाकी होता. म्हटलं, हा राहिला तर राहू दे.

सकाळी दहाला झाकण काढलं. शिंपीणबाई दारात उभ्या होत्या. आत यायचं त्यांचं धाडस होईना. मी वाचायला लागले. "आम्ही चार होतो" इथं पोहोचले तेव्हा सायीवरचे फुगे एकेक करून बसले. मी थांबले नाही. शेवटचं वाक्य म्हटलं तेव्हा साय मधोमध फाटली आणि खालचं पाणी, हिरवं होतं ते, माझ्या डोळ्यांसमोर काळंनिळं झालं. रांजण मेला. ऐंशी-नव्वद वर्षं जगून, मिनिटभरात.

मग दोन दिवस दोन गडी बादल्या उपसत होते. गाळ मी स्वतः उपसला, शिडी लावून आत उतरून, आणि सगळा चाळणीतून काढला. गडी म्हणत होते, बाई, आम्ही करतो. मी नको म्हटलं. तळाशी ढवळायच्या काठीचं मोडकं टोक मिळालं. चिंध्या मिळाल्या. बाकी काही नाही, मामा. ती तिथं नाही. मी हातानं तळ पुसला आहे. शपथेवर सांगते, काही नाही.

मी तळाशीच बसले होते, हायसं वाटून. वरून उजेड येत होता. तेव्हा भिंत दिसली.

आतून रांजणाला निळीचा बोटभर जाड थर चढलाय. दगडासारखा घट्ट, मी त्या काठीच्या टोकानं टोकरून पाहिला, ओरखडासुद्धा उठला नाही. त्या थरात ठसे आहेत. छोटे हात. बोटं रुतवून वर चढावं तसे, एकावर एक, तळापासून तोंडापर्यंत. मी मोजले. मला आता मोजल्याशिवाय राहवत नाही. त्रेसष्ट आहेत. सगळे वर जाणारे आहेत, मामा. खाली येणारा एकही नाही.

खालचे जुने, वरून पुन्हा थर बसून बुजत आलेले. अगदी वरचा, काठावरचा, ताजा आहे.

रांजण धुतला. नवी नीळ आंबवायला घातली. पंधरवड्यानं परवा टकटक केली आणि "एक" म्हणाले. तांब्याची साय होती. अठरावा पडदा रंगवला. पडदेवाल्या बाईंना तो इतरांपेक्षा वेगळा वाटला नाही. भिंतीवरचे जुने ठसे मी पुसले नाहीत, पण नवा एकही उमटला नाही. पाठ फिरवायला भीती वाटत नाही. खरं सांगायचं तर घर आता फारच रिकामं आहे. काल चादर वाळत घालताना खालच्या काठाकडे पाहिलं, आणि काही नव्हतं म्हणून वाईट वाटलं.

ती गेली कुठं, असं शिंपीणबाई विचारतात. मी म्हटलं, "तिला सोडवणारा आकडा मिळाला, ती गेली." त्या म्हणाल्या, "अगं, पण लहान मूल. जाईल ते कोणाकडे तरीच ना!"

राग अजून थोडा आहे. पण पत्र लिहीत जा.

तुमची भाची

२४ सप्टेंबर

चि. भाचीस,

अनेक आशीर्वाद. राग ठेव; तो तुझ्या आईचा वारसा आहे आणि तिने तो वापरला नाही.

तुझ्या शेजारणीस माझा नमस्कार सांग. त्या बाई योग्य बोलल्या.

मंगळवारी दुपारी मी टेबलापाशी वाचत बसलो होतो. पुस्तक तेच, बक्षिसाचे. पुठ्ठा दोनदा बदलला आहे, पाने मूळची आहेत. त्या दुपारी ज्या पानावर होतो, त्या पानापुढे हे पुस्तक मी पुन्हा कधी वाचले नव्हते. तुझे पत्र आल्यावर प्रथमच ते पान उलटले. पुढच्या पानाचा समास पांढरा होता. मी पहिली ओळ वाचली, दुसरी वाचली आणि चष्मा पुसण्यासाठी काढला. पुन्हा लावला तेव्हा समासात एक हात उमटलेला होता. ओला. पोपटी.

माझ्या खोलीत नीळ नाही. दुसऱ्या मजल्यावरची खोली आहे. एक टेबल, एक खाट, दोन खुर्च्या आणि शब्दकोश. दाराला आतून कडी होती.

मी हललो नाही. आधी बोटांची टोके निळी झाली, मग तळवा, हे तू अचूक लिहिले होतेस. कागद तेवढ्या ओलाव्याने किंचित फुगला होता. मी त्यावर हात ठेवला. थंड होता. तो पुसावा, असे मला वाटले नाही. तांबडी शाई शेजारीच होती, तिलाही मी हात लावला नाही.

इतक्यात चार वाजले आणि जिन्यातून चहावाल्या बाईची नित्याची हाक आली, "मास्तर, किती?"

समोरच्या खुर्चीचा दांडा निळा होत होता.

मी पुस्तक मिटले. मान वर केली. खोलीत सावकाश सगळीकडे पाहिले, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, जसे तेव्हा पाहायला हवे होते. आणि मग मोजून सांगितले,

"दोन."

तुझा मामा